पाच नंबरची फुलबाजी

"बळू, हातात काय हाये रं?"

धुमाळ मामांनी विचारलं तेव्हा मी उड्डाणतळाचा लोखंडी जिना नुकताच उतरलो होतो. हातात नारळाची रिकामी करवंटी होती. मामांना बघताच हात आपोआप पाठीमागे गेला.

"काही नाही मामा. प्रसाद."

"तळावर परसाद?"

"खालीच खाल्ला. करवंटी टाकायची राहिली."

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वर पांढऱ्याशुभ्र रॉकेटकडे, आणि ते पाण्याच्या पंपाकडे निघून गेले. खंडेनवमीची दुपार होती. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, सकाळी दहा वाजता ते रॉकेट उडायचं होतं.

याला आता बावीस वर्षं झाली. कोकणात समुद्राला लागून एक कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार आहे, गावाचं नाव सांगत नाही. तिथे आमचं छोटं प्रयोगकेंद्र होतं. रॉकेटही छोटंच, तीन मजली घराएवढं. वर जायचं आणि छत्री उघडून समुद्रात पडायचं, एवढंच त्याचं काम. पण ते हायड्रोजनवर चालायचं, आणि हायड्रोजनशी खेळ म्हणजे काय ते तिथे काम केलेल्या माणसालाच माहीत. त्याला वास नाही, रंग नाही. तो पेटला तर भर उन्हात ज्योतसुद्धा दिसत नाही. माणूस चालत जाऊन आगीत शिरेल आणि चटका बसेपर्यंत त्याला पत्ता लागणार नाही.

माझ्याकडे फुलबाज्या होत्या. म्हणजे कागदोपत्री त्यांचं नाव लांबलचक होतं, पण सगळे फुलबाज्याच म्हणायचे. इंजिनाच्या तोंडाभोवती गोल लावलेल्या आठ जाड नळ्या, आत दारू ठासलेली, तोंडाला कागदाची टोपी. विजेनं पेटवल्या की पंधरा सेकंद ठिणग्या उडवायच्या. हे काम माझ्याकडे आलं याचं साहेबांना मोठं कौतुक होतं, कारण मी सांगलीकडच्या दारूकाम करणाऱ्या घरातला. आमच्या गावच्या जत्रेत शोभेची दारू उडवायचा मान पिढ्यान्‌पिढ्या औताड्यांचा. "औताडेच्या रक्तातच दारू आहे," असं रणदिवे साहेब पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुणे हसून माझ्याकडे संशयानं बघायचे.

रणदिवे साहेब केंद्राचे प्रमुख. माणूस हुशार, पण मार्च महिन्यापासून चिडलेला. मार्चमध्ये पहिलं रॉकेट उडालं ते अंगभर आग घेऊन. वर गेलं, छत्री उघडली, समुद्रात पडलं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो काळ्याठिक्कर पडलेल्या रॉकेटचा, आणि वर मथळा, 'उडण्याआधीच करपले'. साहेबांच्या सासऱ्यांनीसुद्धा फोन करून विचारलं म्हणे, जावईबापू, काही जळलं का?

म्हणून दसऱ्याच्या आठवडाभर आधी साहेबांनी मला, इंजिनवाल्या बर्वे मॅडमना आणि धुमाळ मामांना चहाला बोलावलं.

"औताडे, या वेळी तुमच्या फुलबाज्या जरा उशिरा लावल्या तर?" साहेब म्हणाले. "ती आग अंगावर चढता कामा नये. मी नवा पांढरा रंग दिलाय."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी कप खाली ठेवला.

"सर, इंजिन पेटायच्या आधी त्यातून हायड्रोजन सोडावाच लागतो. तो आधी आला नाही आणि नुसता ऑक्सिजन आला, तर इंजिनच वितळून जाईल. म्हणजे पहिले दोन-तीन सेकंद न जळलेला हायड्रोजन खालून बाहेर पडणार. आणि तो इतका हलका की खाली थांबणार नाही. रॉकेटला चाटत वर चढणार."

"मग चढू द्या की."

"चढू दिला आणि नंतर इंजिन पेटलं, तर तो सगळा एकदम पेटेल. मग रंगाची काळजीच उरणार नाही. म्हणून तो बाहेर पडला रे पडला की फुलबाज्या त्याला जाळतात. ती ज्वाळा वर जाते आणि आवरण करपतं. वरवरचं करपतं, आतल्या टाकीला काही होत नाही."

साहेबांचं समाधान झालं नव्हतं. तेव्हा मामा बोलले. मामा लष्करातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले, तळावरचे मुकादम. वय छप्पन्न, साताऱ्याकडचे, शब्द मोजून वापरणारे.

"साहेब, ग्यास चालू करायचा आन मग काडीपेटी हुडकत बसायचं, असं घरातल्या बाईनं केलं तर काय हुतं?"

"भडका उडतो."

"आन काडी आधीच पेटवून धरली तर? बोटाला जरा चटका बसतो, एवढंच. करपलं म्हंजे वाचलं, साहेब."

साहेब नाइलाजानं हसले. फुलबाज्यांची वेळ होती तीच राहिली.

आता माझं सांगतो. मार्चमध्ये माझी तीन नंबरची फुलबाजी अर्धा सेकंद उशिरा लागली होती. अर्धाच सेकंद. तेवढ्यात त्या बाजूला जो हायड्रोजन साठला, त्याचा असा दणका बसला की कोठाराच्या खिडक्यांच्या काचा खाली आल्या. बाकीच्यांनी तो दणका ऐकला आणि विसरले. माझ्या पोटात तो बसून राहिला होता. जेवताना, अंघोळ करताना, बायकोशी बोलताना कधीही तो परत व्हायचा आणि मी दचकायचो. सात महिने मी असे काढले होते.

खंडेनवमीला गावी आमचे अप्पा दारूकामाच्या साहित्याची पूजा करायचे. नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचे. लहानपणापासून मी हे दुरूनच बघितलेलं, कारण त्या दिवशी पोरांना जवळ येऊ देत नसत. मला वाटलं, आपणही ते करावं. केंद्रात तळावर पूजा करायला सक्त मनाई होती. एकदा कोणीतरी व्हॉल्व्हला हार घातला होता आणि त्याचा दोरा आत ओढला गेला होता, तेव्हापासूनचा नियम. नारळ फाटकापाशी दगडावर फोडायचा, तळावर काही न्यायचं नाही. पण दुपारी जेवायला सगळे गेले तेव्हा मी करवंटीत थोडं पाणी घेऊन जिना चढलो. एक ते चार नंबरांवर बोटानं दोन-दोन थेंब उडवले. पाच नंबर समुद्राच्या बाजूला होती. तिथे वाऱ्याचा झोत आला, हात हलला, आणि उरलेलं सगळं पाणी तिच्या तोंडावर सांडलं.

मी रुमालानं टिपलं. कागदाची टोपी ओली दिसत होती, पण वर रोगण होतं. रोगणातून काय आत जातंय, असं मी स्वतःला सांगितलं. दारूवाल्याच्या पोरानं दारूवर पाणी सांडलं हे कोणाला सांगायची माझी छाती झाली नाही. त्यात मला कायम केल्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. दसऱ्यानंतर देतो, म्हणाले होते.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे कधीतरी मला अप्पांचा हात आठवला. ते पाणी शिंपडायचे, खरंच शिंपडायचे, पण नळ्या बांधायच्या बांबूच्या बुडाशी, जिथे तो जमिनीत रोवलेला असतो तिथे. दारूच्या नळ्या तोवर घरातच असायच्या, कोरड्या पेटाऱ्यात. हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं आणि त्या पहाटे अंथरुणात कळलं.

सकाळी नऊला आम्ही बंकरमध्ये जाऊन बसलो. जाड भिंतींची खोली, खिडकी नाही, एक टीव्ही आणि आमची यंत्रं. रॉकेट तिथून तीनशे मीटरवर. पाहुणे लांब, दुसऱ्या टेकडीवर मांडवात. माझ्यासमोर आठ हिरवे दिवे, प्रत्येक फुलबाजीचा एक. आठही लागलेले.

"सगळे हिरवे. छान," बर्वे मॅडम माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या.

त्या दिव्यांना फक्त तार शाबूत आहे एवढंच कळतं. आतली दारू कोरडी आहे की सादळली आहे, ते दिव्याला कळत नाही. मॅडमना ते माहीत होतं, पण दारू ओली असेल असं त्यांच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं.

आणि मामा बाहेर होते. तळ थंड ठेवायला सोडायच्या पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह ऐन वेळी अडकायचा, म्हणून तो हातानं उघडायला तळापासून शंभर मीटरवर एका खंदकात माणूस बसवायचे. खंदक समुद्राच्या बाजूला होता. पाच नंबरच्या बरोबर समोर.

माझ्या टेबलावर त्या खंदकाचा थेट फोन होता. पाणी आणि फुलबाज्या यांची वेळ जुळवायची म्हणून. दहा वाजायला बारा मिनिटं असताना मी तो उचलला.

"मामा."

"बोल."

"तुम्ही आत या."

"का?"

"असंच. व्हॉल्व्ह आज अडकणार नाही. मी बघितलाय."

मग मामांनी शांतपणे विचारलं, "बळू, काल करवंटीत काय हुतं?"

मी सगळं सांगितलं. तोंडावर हात धरून, जेमतेम ओठ हलवत. सांगायला अर्धं मिनिट लागलं असेल.

"साहेबास्नी सांग," मामा म्हणाले.

"मामा, मला काढून टाकतील."

"टाकतील. सांग."

"कदाचित लागेल पण. वर रोगण आहे. नुसत्या टोपीला—"

"तुला काय वाटतं? दारूवाल्याचा हायेस ना? लागंल का?"

मला उत्तर माहीत होतं. समुद्राची हवा, रात्रभराचं दव, आणि टोपीवर करवंटीभर पाणी.

"दहा मिन्टं हायेत अजून," मामा म्हणाले. "मी वाट बघतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी फोन खाली ठेवला आणि उठायचं ठरवलं. साहेब माझ्यापासून चार पावलांवर बसले होते. चार पावलं. मी मनातल्या मनात ती दोनदा चाललो. पहिल्यांदा साहेब फोनवर पाहुण्यांशी बोलत होते. दुसऱ्यांदा त्यांनी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांकडे बघून हसले, असे हसले की मी खुर्चीतून उठलोच नाही. टीव्हीवर पांढरं रॉकेट उन्हात उभं होतं, त्याच्या अंगावरून वाफ ओघळत होती. उजव्या कडेला, चित्राच्या अगदी कोपऱ्यात, खंदकाची वाळूची पोती दिसत होती.

उलटगणती चालू झाली. पाच मिनिटं. चार. मग साहेबांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. ज्याचं नाव येईल त्यानं 'तयार' म्हणायचं किंवा 'थांबा' म्हणायचं. नियमच तसा होता. एकानं जरी थांबा म्हटलं तरी सगळं थांबायचं, आणि कारण नंतर विचारायचं.

"इंजिन?"

"तयार," बर्वे मॅडम म्हणाल्या.

"टाक्या?"

"तयार."

"फुलबाज्या?"

मला थांबा म्हणायचं होतं. मी देवाशपथ सांगतो, तोंड उघडलं ते त्याच शब्दासाठी.

"तयार," मी म्हणालो.

साहेबांनी मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं. टीव्हीवरच्या त्या पोत्यांवरून मला नजर हलवता येईना. तीन मिनिटं. अडीच. कुणाचा तरी पेन खाली पडला आणि मी खुर्चीतून उडालो. दोन मिनिटं.

तेवढ्यात भिंतीवरचा कर्णा खरखरला. खंदकातला दुसरा फोन साहेबांच्या टेबलाला जोडलेला होता आणि तो सगळ्यांना ऐकू यायचा.

"साहेब, धुमाळ बोलतोय. थांबवा."

"काय झालं?"

"पाच नंबरची फुलबाजी वली हाये."

"दिवा हिरवा आहे, धुमाळ."

"दिवा असू द्या. काल माझ्या हातनं तिच्यावर नारळाचं पानी सांडलंय. थांबवा."

मग साहेबांनी लाल खटका दाबला. घड्याळ एक मिनिट चाळीस सेकंदांवर थांबलं.

मी समोरच्या आठ हिरव्या दिव्यांकडे बघत बसलो होतो.

टाक्या रिकाम्या करायला तीन तास लागले. पाहुण्यांना जेवायला वाढलं. चौकशी उड्डाणानंतर, असं रणदिवे साहेबांनी सांगितलं. फुलबाजी बदलायला दोन माणसं जाणार होती, एक फुलबाज्यांचा, एक तळावरचा. म्हणजे मी आणि मामा.

खंदकापाशी मामा उभे होते. हातात दोन केरसुण्या, लांब बांबूला बांधलेल्या, शिंदीच्या. रिकाम्या टाकीतसुद्धा नळ्यांमध्ये हायड्रोजन उरतो, सांध्यांमधून गळतो, कशाच्याही ठिणगीनं पेटतो आणि दिसत नाही. म्हणून तळावर जाणाऱ्यानं केरसुणी पुढे धरून चालायचं, आंधळ्यासारखं. केरसुणीनं पेट घेतला की समजायचं, इथे आग आहे. मामा प्रत्येक वेळी जायच्या आधी केरसुणीला हात लावून कपाळाला लावायचे. लक्ष्मीला जाळायला नेतोय म्हणून. त्या दिवशीही लावला.

"मामा, मी साहेबांना—"

"आता न्हाई. आता फकस्त म्होरं बघ."

आम्ही चालू लागलो. दुपारचं ऊन कातळावरून उलटं तोंडावर येत होतं. तळ मोकळा, वारा पडलेला, पायाखाली बुटांचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. केरसुणी डावीकडे, उजवीकडे, खाली, वर. एक पाऊल. परत डावीकडे, उजवीकडे. मला वाटत होतं की आग माझ्या मागे आहे, बाजूला आहे, माझ्या तोंडाशी आहे, फक्त मला दिसत नाही. मानेवर घामाचा थेंब ओघळला तरी चटका बसल्यासारखा मी थांबायचो.

इंधनाच्या नळीपाशी आलो. तिथे रॉकेटची सावली पडली होती, थंड वाटत होतं. मी केरसुणी पुढे केली.

ती पेटली.

काहीच नव्हतं तिथे. स्वच्छ हवा, मागचा निळा समुद्र दिसत होता, आणि त्या स्वच्छ हवेत शिंदीची पाती पिवळी झाली, वळली आणि भसकन पेटली. माझ्या नाकापासून दीड हातावर. मी ओरडलोसुद्धा नाही. लहान मुलासारखी माझी पँट ओली झाली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मामांनी माझा पट्टा धरून मला मागे ओढलं. माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली, जमिनीवर आपटून विझवली. मग स्वतःची केरसुणी हळूहळू फिरवत त्या न दिसणाऱ्या ज्योतीची लांबी-रुंदी मोजली. "हातभर हाये," ते म्हणाले. "सांध्यातनं. इकडून वळसा घे. वाकून." त्यांनी बंकरकडे हात करून खूण केली, तिकडून आग विझवायला नळीत नायट्रोजन सोडला गेला. थोड्या वेळानं मामांची केरसुणी त्या जागेवर धरली तरी तशीच राहिली.

पाच नंबर काढताना पितळी पान्हा दोनदा निसटला. शेवटी मामांनी माझ्या हातावर हात ठेवून आटे फिरवले. नळी उलटी केली. टोपी बोटानं सहज फाटली आणि आतून दारू पडली नाही, लगदा पडला. काळा, दमट, नारळाच्या पाण्याचा आंबूस वास येणारा.

आम्ही दोघांनी बघितलं. मामांनी लगदा रुमालात बांधून खिशात घातला. मी नवी नळी बसवली.

संध्याकाळी साडेचारला उलटगणती परत लागली. मामा परत त्याच खंदकात. साहेबांनी विचारलं, "फुलबाज्या?" मी 'तयार' म्हणालो आणि या वेळी ते खरं होतं, तरी माझी भीती तसूभर कमी झाली नव्हती. दहा सेकंद असताना पाणी सुटलं. सहा असताना आठही फुलबाज्या लागल्या, पाच नंबर सगळ्यांत आधी. मग रॉकेटच्या पायाशी ठिणग्यांमुळे नारिंगी दिसणारी ज्वाळा फुलली आणि पांढऱ्या रंगाला चाटत वर चढली, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. मांडवातल्या बायकांचा आरडाओरडा टीव्हीवर ऐकू आला. साहेबांनी डोळे मिटले. तो नवा पांढरा रंग डोळ्यांदेखत तपकिरी झाला, काळा झाला, त्याचे पोपडे उडाले, आणि मग इंजिनाचा आवाज भिंतींतून आला आणि ते काळं रॉकेट सावकाश, अगदी सरळ, वर निघून गेलं.

खोलीत सगळे रडत-हसत एकमेकांना मिठ्या मारत होते. मी खुर्चीत बसून होतो.

नंतर फाटकापाशी सोनं वाटलं. आपट्याची पानं, पेढे, पाहुण्यांच्या गाड्या. मामा बाजूला केरसुण्यांपाशी उभे होते. त्यांना कोणी सोनं द्यायला जात नव्हतं. साहेब त्यांच्याजवळ गेले तेव्हा सगळ्यांनी तिकडे वळून बघितलं.

"धुमाळ, तुमच्यासारख्या जुन्या माणसानं? नियम तुम्हीच सगळ्यांना शिकवता."

"चुकलं, साहेब."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. माझ्याच मनात आलं."

साहेबांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. माझ्यावर ती एक क्षण थांबली, किंवा मला तसं वाटलं. फुलबाजी लागायला सेकंद-दीड सेकंद पुरतो. तेवढा वेळ मला मिळाला होता. मी पेढ्याच्या पुडक्याची दोरी सोडत होतो.

साहेब गेल्यावर मी मामांना सोनं दिलं आणि पायाला हात लावला. त्यांनी पान शर्टाच्या खिशात ठेवलं.

"असं का केलंत मामा?"

"तुझं अजून पत्र यायचंय. माझी दोन वर्सं राह्यलीत." आणि मग, रीतीप्रमाणे, "सोन्यासारखा राहा."

पुढच्या आठवड्यात मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. मामांना तळावरून काढून फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला. दोन वर्षं ते तिथे बसले. पोरं त्यांना 'नारळ मामा' म्हणायची. मी रोज सकाळी तिथून जाताना नमस्कार करायचो आणि ते वहीत माझं नाव लिहायचे. पहिले काही महिने मी रोज ठरवायचो की आज साहेबांना सांगू. मग दर महिन्याला ठरवायचो. मग साहेबांची बदली झाली, मामा निवृत्त होऊन साताऱ्याला गेले, आणि ठरवायचंही थांबलं. सांगायचं ते आत साठत राहिलं.

समुद्रातून काढलेलं ते रॉकेट केंद्रानं ठेवून दिलं होतं. गेल्या दसऱ्याला त्यावर काचेची शेड बांधली आणि छोटा समारंभ केला. आता मी तिथल्या विभागाचा प्रमुख आहे. नव्या संचालकांनी विचारलं होतं, याला परत पांढरा रंग देऊ का, बरं दिसेल. मी नको म्हणालो. मामांना मुद्दाम बोलावलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानानं अधू, मुलगी मंदा त्यांना धरून घेऊन आली होती. पहिल्या रांगेत दोघं बसली.

निवेदन करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यानं सगळा किस्सा रंगवून सांगितला. नारळाचं पाणी, ओली फुलबाजी, थांबलेलं घड्याळ. "आणि ते आपले नारळ मामा आज इथे आहेत," तो म्हणाला. लोक हसले. मामाही हसले, लोक हसताहेत म्हणून. मंदा हसली नाही. ती तिच्या मांडीवरच्या पर्सकडे बघत होती, आणि मला समजलं की हे हसणं ती इतकी वर्षं ऐकत आलेली आहे.

मी चार पावलं चालून गेलो आणि त्याच्या हातातला माइक घेतला.

"पाणी माझ्या हातून सांडलं होतं," मी म्हणालो. "मामांनी माझ्यावरचं आपल्या अंगावर घेतलं. मला विचारलं होतं तेव्हा मी तयार म्हणालो होतो."

मी माइक हातात धरूनच खाली उतरलो आणि मामांच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसलो.

"काय म्हनला त्यो?" मामांनी मंदाला विचारलं.

ती त्यांच्या कानाशी वाकली आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. मामा ऐकत होते आणि काचेपलीकडच्या त्या काळ्या, पोपडे धरलेल्या रॉकेटकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पाच नंबर लागली म्हनायची," ते म्हणाले.

मंदानं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

"आई चार वर्षांपूर्वी गेली," ती म्हणाली. "शेवटपर्यंत घरात नारळ आणू द्यायची नाही. म्हणायची, यांच्या हातून माणसं मरणार होती. तिला सांगायला हवं होतं तुम्ही."

माइक माझ्या हातात तसाच चालू होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं.